बस्त्यावचा टोप, कार्मेलीनचा नवस

बस्त्याव डिमेलोला दोन माणसांचा स्वयंपाक येत नसे. चाळीस माणसांचा सांगा, डोळे मिटून करील. तो बोटीवरची नोकरी सोडून कायमचा घरी आल्यावर हे आम्हाला समजलं, आणि असं समजलं की भांडुपच्या आमच्या बैठ्या चाळीतल्या दहाही खोल्या पुढे महिनाभर त्याच्याच हातचं जेवत होत्या.

तो वेंगुर्ल्याकडचा, म्हणजे आमच्याच मुलखातला. पंधराव्या वर्षी मामाने त्याला मुंबईला आणला आणि मालबोटीवर चढवला. पहिली तीन वर्षं त्याने नुसते कांदे सोलले. म्हणायचा, "वयनी, तीन वर्षां मी रडत होतंय. कॅप्टनाक वाटायचा, पोराक घरची आठवण येता." मग भांडी, मग भात, मग मटण, असं करत करत तो भंडारी झाला. बोटीवरच्या मुख्य स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात. बोटीवर माणसं चाळीस. त्याचा टोप चाळिसांचा, पळी चाळिसांची, मिठाची मूठ चाळिसांची. वर्षाकाठी दोन महिने घरी यायचा, तेव्हा त्याची बायको कार्मेलीन त्याला चुलीजवळ फिरकू देत नसे. पाहुण्यासारखा खाटेवर बसवून ठेवी. त्यामुळे त्याचा हात कसा आहे ते चाळीत कुणालाच माहीत नव्हतं.

कार्मेलीन उंच, हाडापेराने मजबूत, झगा नेहमी इस्त्रीचा. त्यांच्यात बायको नवऱ्याला अरे-तुरे करते. "ऊठ रे मेल्या, चर्चला उशीर होतो," असं ती भर ओटीवरून ओरडायची आणि आम्ही बायका आमच्या घरात "अहो, ऐकलंत का" करत गुमान बसायचो. मला त्या एका गोष्टीचा फार हेवा वाटे.

बाकी आमचं आणि त्यांचं जमायचं छान, फक्त वार जमायचे नाहीत. आमची चाळ सगळी कोकणातली. बुधवार, शुक्रवार, रविवार आमचे मासळी-मटणाचे, आणि सोमवार, गुरुवार, शनिवार देवाचे. तिचं नेमकं उलटं. शुक्रवारी येशू गेला म्हणून ती मटण शिवत नसे, आणि आमच्या सोमवारी तिच्याकडे सुकं मटण परतलेलं असे. मधे एक विटेची भिंत. वास काय वार बघून फिरतो? तरी शुक्रवारी तिला मासे चालायचे. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा शेजारची सुंदराबाई म्हणाली, "मासे खाऊन उपास होत असेल तर मी जन्मापासून उपाशीच आहे."

पण चौऱ्यांशीच्या लेंटमधली गोष्ट वेगळी होती. लेंट म्हणजे ईस्टरच्या आधीचे त्यांचे चाळीस दिवस. त्याच्या आदल्या पावसाळ्यात बस्त्यावच्या बोटीचं इंजिन भर समुद्रात बंद पडलं आणि बारा दिवस काही खबर नव्हती. कंपनीतला माणूस रोज म्हणायचा, कळवू. कार्मेलीन घरातल्या येशूच्या फोटोसमोर गुडघे टेकून बोलली, की हा माणूस घरी येऊ दे, पुढच्या लेंटचे चाळीसही दिवस मी मटण नाही, मासे नाही, अंडंसुद्धा खाणार नाही. तेराव्या दिवशी तार आली. तो घरी आला, नोकरीला रामराम ठोकला, आणि नाताळात चाळभर करंज्या वाटल्या.

जानेवारीत कार्मेलीनला मुदतीचा ताप आला. टायफॉईड. एकवीस दिवसांनी ताप उतरला, पण बाईसुद्धा उतरली. झगा खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबायचा. तोंडाला चव म्हणून राहिली नाही. डॉक्टर म्हणाले, "अंडी द्या, पायाचं सूप द्या, मासे द्या. वजन असंच कमी होत राहिलं तर हॉस्पिटलात घालून सलाइन लावावं लागेल." आणि दुसऱ्याच आठवड्यात राखेचा बुधवार आला. चर्चमध्ये फादरनी कपाळाला राख लावली तेव्हा चर्चमधल्या दोघी बायकांनी तिला धरून उभं केलं होतं. घरी आली आणि म्हणाली, "आजपासून माझा नवस."

बस्त्याव म्हणाला, "अगो, पण मी सुखरूप इलंय ना?"

"म्हणून तर."

बस्त्याव तसाच चर्चकडे निघाला.

त्याने फादरना बोलावून आणलं. फादर भले माणूस. खुर्चीवर बसले आणि समजावून सांगितलं, की आजारी माणसाला सूट असते, देव काही रागावत नाही, तू सूप पी. कार्मेलीन पडल्या पडल्या म्हणाली, "फादर, मी तुमच्यापाशी नव्हते बोलले." फादरनी चहा घेतला आणि उठले. जाताना ओटीवर बस्त्यावच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आता तूच काहीतरी चांगलं रांध, बाबा."

त्याच दुपारी तो माझ्या दारात. हातात बोटीवरची वही आणि कानावर पेन्सिल.

"वयनी, भाजी म्हणजे नेमकी करतत कशी?"

मला वाटलं थट्टा करतोय. "बस्त्यावभाऊ, तीस वर्षं काय रांधलंत मग?"

"माका पन्नास तऱ्हेचा मटण येता. भाजी मटणाच्या बाजूक असायची. तिच्याकडे कोण बघीत नसा."

मी त्याला दुधीपासून सुरुवात करून दिली. साधी, मोहरी-जिऱ्याची फोडणी, मिरची, वर ओलं खोबरं. त्याने सगळं लिहून घेतलं. फक्त एक गोष्ट माझी सांगायची राहिली, कारण ती सांगावी लागते हे कोणाच्या मनात येणार? दुधी किती ते.

त्याने अकरा आणले. गणपती मंडळाचा टोप मागून आणला. हाडासकट मटणाचे तुकडे करतात तसे दुधीचे तुकडे केले आणि ते अर्धा दिवस शिजवले. कार्मेलीनने दोन चमचे खाल्ले आणि म्हणाली, "पुरे." टोप तसाच भरलेला. अन्न टाकायचं नाही, हा बोटीवरचा कायदा. म्हणून बस्त्याव पळी घेऊन चाळीतून निघाला.

शुक्रवारची दुपार. सुंदराबाईच्या तव्यावर बांगडे चरचरत होते. दारात बस्त्याव, हातात दुधी.

"अहो, आज आमचा वार आहे!" ती ओरडली. "सोम-गुरु-शनि आम्ही पाला खातोच की. तुम्ही आमच्या बांगड्यावर दुधी का ओतताय?"

"घ्या ओ बाय. पुण्य लागात."

"पुण्य तुमच्या कार्मेलीनला लागू दे. मला बांगडा लागू दे."

पण घेतला. आजाऱ्याच्या घरचं अन्न, नाही कसं म्हणणार? दुसऱ्या दिवशी कोबी. त्याच्या दुसऱ्या दिवशी लाल भोपळा. बुधवारी, ऐन बुधवारी, फ्लॉवर. मी त्याला सांगून सांगून दमले, की भाऊ, वाटी घ्या, वाटीने मोजा. तो वाटी हातात घेऊन बघायचा, जसं काही मी त्याला लहान बाळाचं झबलं घालायला दिलंय. म्हणायचा, "इतक्यात काय रांधतलंय, वयनी? टोपाच्या तळाक पण लागूचा नाय." एकदा खरंच वाटीभर मूग घेतले आणि मिठाची मूठ मात्र जुनीच पडली. ते मूग कोंबड्यांनीसुद्धा खाल्ले नाहीत.

तीन आठवड्यांत अशी वेळ आली की टोपाच्या झाकणाचा आवाज झाला की चाळीतली दारं पटापट लागायची. शेवटच्या खोलीतला सहदेव कारखान्यातून येताना आधी कोपऱ्यावरून डोकावून बघायचा. म्हणायचा, "वहिनी, बुधवार नाही, शुक्रवार नाही, माझ्या घरात लेंट चालू आहे. आता फक्त डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी घ्यायचं राहिलंय, तेवढं फादरना सांगा."

हसण्यावारी सगळं चाललं होतं, पण कार्मेलीन रोज थोडी थोडी कमी होत होती. पेज, दोन चमचे. चहा, पाव बुडवून. एका दुपारी मी तिच्या खाटेशी बसले होते, तर तिच्या बोटातली लग्नाची अंगठी गळून माझ्या मांडीवर पडली. तिने ती उचलून दुसऱ्या बोटात घातली आणि मला म्हणाली, "त्याला सांगू नको." तेव्हापासून मला बस्त्यावच्या भाजीवर हसू येईना.

मी त्याला म्हटलं, "दुधी-कोबी सोडा. ही आपल्या गावची बाई. तिला तोंडाला लागेल असं काहीतरी करू." काळे वाटाणे भिजत घातले. कांदा-खोबरं काळसर होईपर्यंत भाजून त्याच्याकडून पाट्यावर गंधासारखं वाटून घेतलं. गरम मसाला, कोकमाची दोन सोलं. वाटाणे मी स्वतः मोजून टाकले, मीठ मी टाकलं. वास असा सुटला की बंद दारं किलकिली झाली. "आता फक्त मंद आचेवर ठेवा, हात लावू नका," असं सांगून मी घरी गेले. ती माझी चूक.

स्वयंपाक्याला हात लावू नको म्हणणं म्हणजे मांजराला दुधाची राखण. बस्त्यावने चव घेतली. त्याला वाटलं, काहीतरी कमी आहे. तीस वर्षांच्या जिभेला जे कमी वाटत होतं ते त्याने डब्यातून काढलं, तव्यावर भाजलं, चुरडलं आणि दोन चिमटी आत टाकलं.

कार्मेलीनने पहिला घास घेतला. दुसरा घेतला. दुसऱ्या घासाला तिच्या डोळ्यांत जरा चमक आली, मी दारातून बघितली. बस्त्याव भिंतीला टेकून उभा. तिसरा घास तिने उचलला आणि तोंडाशी नेता नेता थांबली. बोटाने काहीतरी वेगळं काढून उजेडात धरलं.

"हे काय रे?"

"मसालो."

"मसाल्याला डोळे असतात?"

सुका जवळा. नखाएवढी कोलंबीच ती. पण आमच्या मुलखात कुठल्याही घरात विचारा, जवळा कुणी मासळीत धरत नाही. तो मिठा-मिरचीच्या फळीवर बसतो. वांग्यात टाकतात, पालेभाजीत टाकतात, आणि वर म्हणतात आज साधंच जेवण आहे. बस्त्याव येशूच्या फोटोकडे हात करून सांगत होता, "शपथ घेतंय, माझ्या मनात मासळी नव्हती! जवळो तो काय मासो?"

कार्मेलीनने ताट खाली ठेवलं, त्यावर दुसरं ताट पालथं घातलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. ओरडली असती तर बरं होतं. मेल्या म्हणाली असती तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी फादर येऊन सांगून गेले, की नकळत घडलं त्याचा दोष नाही, नवस मोडलेला नाही. तिने मान हलवली. पण बस्त्यावच्या हातची पेजसुद्धा ती घेईना. पेला पुढे केला की आधी तळ बघायची. चार दिवस नुसता काळा चहा आणि बेकरीचा पाव. डॉक्टर आले, नाडी बघितली आणि चिठ्ठी लिहून दिली: सोमवारी सकाळी हॉस्पिटलात आणा.

शुक्रवारी सकाळी बस्त्याव माझ्याकडे आला. दाढी वाढलेली. उंबऱ्यावरच बसला.

"वयनी, तुमच्या हातचा खायत. तुम्ही करून द्या. मी तुमच्या चुलीकडे बघणार पण नाय."

मी लगेच मऊ भात आणि मुगाची आमटी केली, घेऊन गेले. कार्मेलीनने ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"रुक्मिणी, आज वार कोणता?"

"शुक्रवार."

"मग तुझ्याकडे सकाळीच मासळी येऊन पडली असेल. पळी तीच ना?"

सकाळपासून माझ्या घरात सरंगा हळद-मीठ लावून ठेवलेला होता, आणि तो ज्या हाताने लावला त्याच हाताने मी हे ताट धरलं होतं. अख्ख्या चाळीत त्या दिवशी एक भांडं तिला चालणारं निघालं नसतं.

मला राग आला. तिचा नाही, सगळ्याचाच. मी ओटीवर येऊन बस्त्यावला म्हटलं, "बाजारात जा. नवं मडकं आणा, नवी पळी, नवी सुरी, नवी ताटली. फणसाची कुयरी मिळाली तर ती आणा. एकच! दोन आणल्यात तर मी दार लावून घेईन. आणि स्टोव्ह इथे दारासमोर मांडा. तिची खाट दाराशी ओढू. तिच्या डोळ्यांदेखत रांधा. बघू दे तिला काय पडतंय आणि काय नाही."

कुयरी म्हणजे कोवळा फणस. भाजी करतात आमच्याकडे, शिमग्यापासून पुढे.

अकरा वाजता सगळं मांडलं. चाळ ओटीवर जमा. कार्मेलीन खाटेवर उशीला टेकून, डोळे बारीक करून बघत होती. बस्त्यावने तिच्यासमोर उभं राहून लेंग्याचे दोन्ही खिसे उलटे करून दाखवले, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत वर केल्या.

सुंदराबाई म्हणाली, "मिशीत बघा. मिशीत दोन जवळे बसतील."

त्यावरसुद्धा कार्मेलीन हसली नाही.

बस्त्यावने कुयरी पुढ्यात घेतली आणि नव्या सुरीने कचकन मधोमध कापली. आता फणस ज्याने कधी कापलाय त्याला पुढचं सांगायला नको. पांढरा चीक भळाभळा आला. हाताला तेल नाही, सुरीला तेल नाही. सुरी फणसात अडकली, ती ओढायला गेला तर बोटं सुरीला चिकटली. बोटं सोडवायला सदऱ्याला पुसली तर सदरा बोटांना. नाक खाजलं म्हणून हात वर नेला आणि मिशी एका बाजूने गालाला चिकटून बसली.

"तेल!" मी म्हटलं. "हाताला तेल लावायचं असतं, भाऊ!"

"बोटीवर फणस खंय होतो?"

"अरे, साल आधी काढ!" हा आवाज खाटेवरून आला. "साल! सालीसकट कापतात काय? देवा, मडक्यात साल टाकतोय हा!"

"तू गप पड," बस्त्याव म्हणाला. "मी बघतंय."

"काय बघतोस? मधला दांडा तसाच ठेवलास. तो शिजतो काय? आणि हे एवढाले तुकडे! कुणाच्या घशात जायचे?"

"चाळीस माणसां—"

"मेल्या, चाळीस माणसं कुठे आहेत? आपण दोघं आहोत!"

आणि ती उठली. आधी पाय खाली सोडले, मग दाराची चौकट धरली. मी पुढे झाले तर मला हाताने बाजूला केलं. दोन पावलं टाकून धपकन पाटावर बसली. दम लागला होता. मग तिने हात पुढे केला.

"तेल द्या. विळी द्या. आणि ह्याला उचला इथून."

सुंदराबाईने विळी आणली, ती कार्मेलीनने राख लावून दोनदा घासून घेतली, तेव्हाच हात लावला. तेल चोळलं. साल गेली, दांडा गेला, करंगळीएवढे तुकडे पडले. कोमट पाण्यात टाकले, चीक गेला. मडक्यात तेल, मोहरी, हिंग, सुक्या मिरच्या, बाजारातून आणलेले भिजवलेले वाल, वरून कुयरी. कुठे काय टाकायचं ते हाताला पाठ होतं. मीठ तिने चिमटीने टाकलं आणि बस्त्यावकडे असं बघितलं की त्याने दोन्ही हात पाठीमागे लपवले.

पंधरा-वीस मिनिटांनी झाकण काढलं. पळीच्या टोकावर जराशी भाजी घेऊन तिने तळहातावर ठेवली, चाटली. तोंड वाकडं केलं.

"मीठ कमी."

मीठ घातलं. पुन्हा तळहातावर घेतली. "गूळ जरा." गूळ घातला. पुन्हा घेतली. "वाल शिजले काय बघू." दोन वाल घेतले, मग आणखी चार. "फणस बघू." फणस बघितला. खोबरं पेरलं, ढवळलं, आता खोबरं घातल्यावर कशी लागते ते बघायला नको? ते बघितलं. मी मोजत नव्हते, पण सुंदराबाईने माझ्या दंडाला चिमटा काढला आणि डोळ्याने खूण केली. चव बघता बघता बाईने वाटीभर भाजी पोटात घातली होती, आणि तिला स्वतःला पत्ता नव्हता.

बस्त्यावने ओळखलं. तो हळूच आत गेला, लेंटभर मासळी न शिवणाऱ्या चर्चमधल्या एका बाईंनी नुकताच आणून दिलेला भात नव्या ताटलीत काढला आणि तिच्या पुढ्यात ठेवला. ठेवला म्हणण्यापेक्षा ताटली त्याच्या बोटांना चिकटली होती, ती तिने ओढून घेतली.

"बस," ती म्हणाली. "तू पण खा. चार दिवस तू काय खाल्लंस?"

"खाल्लंय."

"खोटं बोलू नको. लेंट आहे."

मडक्यात दोघांपुरतीच भाजी होती. ती पाटावर बसूनच जेवली, बोटाने ताटली पुसून घेतली आणि मग परत खाटेवर टेकली. बस्त्याव मात्र दोन घास खाऊन उठला, "हात धुवून येतंय," म्हणाला, आणि खोबरेल तेलाची बाटली घेऊन मोरीत शिरला. अर्धा तास झाला तरी बाहेर येईना. नुसता पाण्याचा आवाज.

बाहेर आला तेव्हा हात स्वच्छ होते, मिशी सुटली होती, आणि डोळे लाल लाल.

कार्मेलीनने खाटेवरून विचारलं, "काय झालं रे डोळ्यांना?"

तो काही बोलायच्या आधी सुंदराबाईच म्हणाली, "चीक गेला असेल. फणसाचा चीक फार वाईट."

"पूस मग," कार्मेलीन म्हणाली, आणि उशाखालचा आपला रुमाल काढून त्याच्या अंगावर फेकला.